स्क्रीन टाइम: मिनिटं मोजण्याआधी शेवट ठरवा

मूल मोबाईल हातात घेतं तेव्हा घरात शांतता असते. भांडण होतं ते मोबाईल काढून घेताना. 'किती वेळ बघू द्यावा' या प्रश्नावर पालक डोकं खपवतात, पण रोजचा त्रास बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. सुरुवात कधी हे कोणी ठरवलेलं नसतं आणि शेवट कुठे हे कोणालाच माहीत नसतं. एक मूल पाऊण तास बघून आपणहून उठतं. दुसरं वीस मिनिटांनी मोबाईल काढून घेतला की जमिनीवर लोळण घेतं. मिनिटांच्या हिशेबाने दुसऱ्याचं बरं चाललंय असं म्हणावं लागेल, पण त्या घरातल्यांना विचारून बघा.

म्हणून इथे क्रम थोडा वेगळा ठेवला आहे. आधी नुसतं निरीक्षण, मग जागा, मग वेळ, मग शेवट, आणि मोबाईलमधली कुलपं त्यानंतर. बरेच जण कुलपापासून सुरुवात करतात आणि पंधरा दिवसांत पासवर्ड मुलाला पाठ झालेला असतो.

आकडे काय सांगतात, आणि कुठे थांबतात

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. एक वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको. एक ते दोन या वयातही बसून स्क्रीन बघणं नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था १९९९ मध्ये दोन वर्षांखाली टीव्ही नको असं म्हणत होती. २०१६ मध्ये तिने ते थोडं सैल केलं: १८ महिन्यांखाली व्हिडिओ कॉल सोडून बाकी काही नको, दोन ते पाच वयात रोज सुमारे १ तास आणि तोही चांगल्या कार्यक्रमांचा, शक्यतो मोठ्यांसोबत बसून.

सहा वर्षांपुढे मात्र या संस्थेने तासांचा आकडा दिला नाही. मर्यादा ठरवा, ती रोज सारखी ठेवा, आणि झोप, हालचाल, अभ्यास यांवर अतिक्रमण होऊ देऊ नका, एवढंच सांगितलं. ते योग्यच आहे. दहा वर्षांची मुलगी एक तास व्हिडिओ बघून कागदाच्या घड्या घालायला शिकली आणि तिचा भाऊ तासभर रील्स सरकवत बसला, तर दोघांची नोंद 'एक तास' अशीच होणार.

मोठ्या मुलांसाठी हिशेब उलटा मांडावा. आधी जे हवंच ते बाजूला काढायचं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलांना ८ ते १०. पाच ते सतरा या वयात दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. शाळा, येणंजाणं, जेवण, आंघोळ, अभ्यास, घरातलं एखादं काम हे सगळं धरा. चोवीस तासांतून हे वजा केलं की शाळेच्या दिवशी फार तर दीड-दोन तास हातात राहतात, आणि त्यातच मित्र, खेळ, वाचन, नुसतं लोळणं हे सगळं बसवायचं असतं. हा हिशेब मुलाला समोर बसवून, कागदावर, त्याच्याच हाताने करायला लावा. 'जास्त बघू नकोस' हे शंभरदा सांगण्यापेक्षा ती वजाबाकी त्याला लवकर पटते.

पहिली पायरी: एक आठवडा काहीच बदलू नका

नियम करायची घाई नको. आठवडाभर फक्त लिहून ठेवा. अँड्रॉइड मोबाईलमध्ये सेटिंग्जमधल्या 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'मध्ये कुठलं ॲप किती वेळ चाललं ते आयतं मिळतं. टीव्हीचं आणि दुसऱ्यांच्या मोबाईलचं तुम्हालाच लिहावं लागेल.

मोबाईल जे सांगू शकत नाही ते मात्र जास्त महत्त्वाचं. वहीत तीन गोष्टी लिहा: किती वाजता दिला, काय बघितलं, आणि का दिला. हा 'का' पालकांना अडचणीत आणतो, कारण आठवड्याच्या शेवटी दिसतं ते असं: स्वयंपाक चालू होता म्हणून, ऑफिसचा कॉल आला म्हणून, जेवत नव्हता म्हणून, पाहुण्यांसमोर रडायला लागली म्हणून. मुलाने हट्ट केला म्हणून दिला, अशा नोंदी अंदाजापेक्षा कमी निघण्याची शक्यता आहे. म्हणजे बदलायचं आहे ते मुलाच्या सवयीइतकंच आपल्या अडचणीचं उत्तरही. संध्याकाळी सहा ते सात हा तास रोज मोबाईलवर जात असेल, तर त्या तासात मुलाला काय देता येईल हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. नुसता नियम केला तर तो तुमच्याच हातून तिसऱ्या दिवशी मोडेल.

दुसरी पायरी: जागा

वेळेपेक्षा जागेचा नियम पाळायला सोपा. 'अर्धा तास झाला की नाही' यावर वाद घालता येतो, 'मोबाईल झोपायच्या खोलीत आहे की नाही' यावर येत नाही. दोन जागा मोकळ्या ठेवा: झोपायची जागा आणि जेवायची जागा.

झोपेचं कारण दुहेरी आहे. डोळ्यांवर पडणारा प्रकाश मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, उशिरा स्रवायला लावतो, आणि हे लहान मुलांत मोठ्यांपेक्षा जास्त होतं. दुसरं कारण साधं आहे: खेळात हरलेला किंवा ग्रुपवर कोणाशी वाजलेलं मूल अंथरुणात पडलं तरी डोकं शांत होत नाही. स्क्रीन पिवळसर करणारा 'नाइट मोड' पहिल्याला थोडीफार मदत करत असेल, दुसऱ्याला अजिबात नाही. झोपेआधीचा तास स्क्रीनशिवाय ठेवा.

यासाठी घरात एकच चार्जिंगची जागा करा, झोपायच्या खोलीबाहेर, आणि रात्री सगळ्यांचे मोबाईल तिथे. सगळ्यांचे म्हणजे तुमचेही. 'मला गजर लावायला मोबाईल लागतो' हे उत्तर मुलगाही देईल आणि वडीलही. एक साधं गजराचं घड्याळ आणा, विषय संपतो.

लहान मुलांसाठी मला मोबाईलपेक्षा टीव्ही बरा वाटतो, आणि हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. टीव्ही एका जागी असतो, तो पांघरुणात नेता येत नाही, त्यावर काय चाललंय ते येताजाता दिसतं आणि दोन भावंडांना मिळून एकच गोष्ट बघावी लागते. मात्र कोणी बघत नसताना मागे बडबडत राहणारा टीव्ही बंद करा. टीव्ही नुसता चालू असला तरी मोठी माणसं मुलांशी कमी बोलतात आणि खेळणाऱ्या मुलाचं लक्ष सारखं मोडतं.

तिसरी पायरी: वेळ मिनिटांत नाही, दिवसात बांधा

'रोज एक तास' हा नियम कागदावर छान दिसतो. घरात तो दिवसभराची घासाघीस होतो: सकाळची दहा मिनिटं धरायची का, काल वाचलेली आज मिळतील का, ताईला जास्त का. त्याऐवजी स्क्रीनला दिवसात ठरलेली जागा द्या. उदाहरणार्थ, खेळून आल्यावर हातपाय धुऊन झाले की, जेवणाआधीपर्यंत. ठरल्या वेळी मिळणारच हे कळलं की मूल बाकीच्या वेळी मागणं हळूहळू सोडतं.

मागणं का सुटत नाही हे समजून घ्यायला बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचं काम उपयोगी पडतं. बक्षीस प्रत्येक वेळी न मिळता कधीतरी, अनपेक्षितपणे मिळालं की ते मिळवण्याची धडपड फार चिवट होते, हे त्याने प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं. घरात काय होतं? मूल नऊ वेळा मागतं, नऊ वेळा नाही म्हणता, दहाव्या वेळी वैतागून देता. मूल यातून 'नाही' शिकत नाही, 'दहा वेळा मागायचं' हे शिकतं. द्यायचाच असेल तर पहिल्या मागणीला हसत द्या. नाही म्हटलं, तर मग नाही.

याला जोडूनच एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. सवय तोडताना सुरुवातीला हट्ट कमी होण्याऐवजी वाढतो. जे मूल पाच मिनिटं रडायचं ते पंधरा मिनिटं रडतं. अनेक घरांत नेमके याच टप्प्यावर आईबाबा म्हणतात, 'हे काही आपल्याला जमणार नाही.' खरं तर नियम लागू व्हायला लागल्याचं ते लक्षण असतं. तेवढे दिवस निभावण्याची तयारी असेल तेव्हाच सुरुवात करा. परीक्षा, घर बदलणं, नवं बाळ अशा धामधुमीत नको.

स्क्रीन बक्षीस म्हणून देऊ नये आणि शिक्षा म्हणून काढूनही घेऊ नये, असं माझं मत आहे. 'पाढे म्हटलेस तर मोबाईल' म्हटलं की पाढे कडू औषध आणि मोबाईल मिठाई, हे आपणच ठरवून देतो. अपवाद एकच: नियम मोबाईलचाच मोडला असेल, तर परिणामही मोबाईलचाच असावा.

चौथी पायरी: शेवट

सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्यावेत. मुलं बघतात तसली ॲप्स संपू नयेत म्हणूनच बनवलेली असतात. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा तयार असतो, रील्सच्या यादीला तळ नसतो. पूर्वी कार्यक्रम संपायचा, बातम्या लागायच्या आणि मूल आपोआप उठायचं. ते आपोआप उठणं आता घरातल्या मोठ्यांना घडवून आणावं लागतं.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरी स्क्रीन बंद होताना काय होतं याच्या नोंदी पालकांकडून घेतल्या. निघालं ते जरा चक्रावणारं होतं. 'दोनच मिनिटं राहिली हं' असा इशारा दिल्यावर बंद करणं सोपं न होता उलट जास्त त्रासाचं झालं होतं. सोपं गेलं ते दोन वेळा: बंद करणं रोजच्या क्रमाचाच भाग होता तेव्हा, किंवा कार्यक्रम स्वतःच संपला तेव्हा. याचा अर्थ मुलाला गाफील ठेवून मोबाईल हिसकावून घ्या असा नाही. लहान मुलाला 'दोन मिनिटं' म्हणजे काय हे कळत नाही, त्याला एवढंच कळतं की कोणीतरी आपल्या हातातलं काढून घ्यायला येतंय. म्हणून माप मिनिटांऐवजी गोष्टीत सांगा: दोन भाग, तीन गाणी.

आधी ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप लागण्याची सोय, बंद करा. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना वरच्या पट्टीत त्याचं छोटं बटण असतं. इतर ॲप्समध्ये प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये सापडेल. या एका बटणाने बाकी सगळ्या उपदेशापेक्षा जास्त फरक पडतो. व्हिडिओ संपला, पडदा थांबला, की मुलाची मान क्षणभर वर होते. तो क्षण तुमचा.

मग प्रत्यक्ष बंद करताना. दुसरा भाग संपत आला की स्वयंपाकघरातून हाक मारू नका, येऊन शेजारी बसा. अर्धा मिनिट तुम्हीही बघा. 'हा हत्ती का पळतोय?' मूल सांगायला लागतं, म्हणजे पडद्यातून बाहेर येऊन तुमच्याशी बोलायला लागतं. भाग संपतो.

'आई, अजून एक!'

'दोन ठरले होते, दोन झाले. बंद तू करतोस की मी करू?'

बहुतेक मुलं 'मी' म्हणतात. बटण त्याने दाबायचं, मोबाईल त्यानेच चार्जिंगच्या जागी नेऊन ठेवायचा. आणि पुढचं काम हातात तयार हवं: अंघोळीचं पाणी, खाली वाट बघणारा मित्र, वाढलेलं ताट. मोबाईल ठेवला आणि पुढे काहीच नाही, ही मोकळी जागा रडण्याने भरते.

तरीही रडला तर? जवळ राहा आणि कमी बोला. 'तुला अजून बघायचं होतं, कळलं मला. उद्या बघू.' एवढं पुरे. डोळे खराब होतात, शेजारचा बघ कसा अभ्यास करतो, हे भाषण रडणाऱ्या मुलाच्या कानात शिरत नाही. आणि दहा मिनिटांनी कंटाळून परत देऊ नका.

गेम खेळणाऱ्या मुलांचं वेगळं. ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही, सोडला तर आपली टीम हरते आणि मित्र खरोखर चिडतात. 'आठ म्हणजे आठ' म्हणून वायफाय बंद करणाऱ्या पालकाला मूल अन्यायी समजतं, आणि त्याचं अगदीच चुकत नाही. आधी एकदा शेजारी बसून एक सामना पूर्ण बघा, साधारण किती वेळ लागतो ते कळेल. मग नियम असा करा: 'साडेसातनंतर नवीन सामना सुरू करायचा नाही.' चालू आहे तो पूर्ण करू दे. सेव्ह करता येणाऱ्या गेममध्ये पुढची लेव्हल किंवा सेव्ह झालं की बंद. रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस जाईल असं सांगणाऱ्या गेम असतात. ती युक्ती कशासाठी आहे हे मुलाला समजावून सांगा. आपल्याला कोणीतरी खेळवतंय हे कळलेलं दहा-बारा वर्षांच्या मुलांना मुळीच आवडत नाही.

पाचवी पायरी: कुलपं

अँड्रॉइडवर 'फॅमिली लिंक' आणि आयफोन-आयपॅडवर 'स्क्रीन टाइम' ही दोन साधनं फुकट आहेत आणि बहुतेक घरांना पुरतात. दोन्हीत रात्री ठरल्या वेळी मोबाईल कुलूपबंद करता येतो, प्रत्येक ॲपला वेगळी मर्यादा घालता येते, नवं ॲप तुमच्या परवानगीशिवाय येत नाही. सुरुवातीला तीनच गोष्टी लावा: रात्रीचं कुलूप, नव्या ॲपला परवानगी आणि खरेदीवर पासवर्ड. पंधरा ॲप्सना पंधरा वेगळ्या मर्यादा लावल्या तर तुम्ही दिवसभर 'अजून दहा मिनिटं' या विनंत्यांना उत्तरं देत बसाल.

यूट्यूब किड्समध्ये आतच टायमर आहे. वेळ संपली की ॲप स्वतः थांबतं, म्हणजे वाईटपणा तुमच्याकडे येत नाही. पण पालकांच्या सेटिंग्जमध्ये शिरायला ते एक गुणाकार विचारू शकतं. पाढे पाठ असलेल्या मुलाला हे कुलूप नव्हेच, स्वतःचा पासकोड घाला.

पळवाटा असतातच. ॲप बंद असेल तर तीच साइट ब्राउझरमध्ये उघडते. घड्याळ मागे करून मर्यादा चुकवायचा प्रयत्न होतो, गेस्ट प्रोफाइल उघडलं जातं, आजोबांचा जुना मोबाईल कपाटातून बाहेर येतो. पळवाट सापडली की ओरडण्याआधी मनातल्या मनात तिची दाद द्या, मग ती बंद करा, आणि मुलाशी बोला. कुलूप लहानपणी कामाचं. मूल मोठं होईल तसं ते सैल करत न्यायचं असतं, कारण अठराव्या वर्षी ते एकदम निघणारच आहे.

चोरून मेसेज वाचण्याच्या मी विरोधात आहे. काय तपासणार आहात ते आधीच सांगा. गुपचूप पाळत कळली की मूल दुसरं खातं उघडतं, आणि मग खऱ्या संकटात तुमच्याकडे येत नाही.

वयानुसार

दोन वर्षांखालच्या बाळाला 'शिकवणारे' व्हिडिओ लावले म्हणून ते शिकत नाही. पॅट्रिशिया कूल या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ही चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळवत बोलणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता आले. तोच मजकूर व्हिडिओवर बघितलेल्यांना नाही. व्हिडिओ कॉल त्यातल्या त्यात वेगळा, कारण पलीकडची आजी बाळाच्या हसण्याला उत्तर देते.

या वयातली खरी अडचण असते भरवताना दाखवलेला मोबाईल. बाळ पटापट खातं हे खरं, पण पोट भरल्याची जाणीव त्याच्यापर्यंत पोचत नाही. सोडवायचं तर एकाच वेळच्या जेवणापासून सुरुवात करा, जेव्हा तुम्हाला घाई नसते. दोन घास कमी जातील, चालतील. वजनाची काळजी असेल तर डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

तीन ते पाच वर्षांत दुसरा मोह असतो, रडतंय म्हणून मोबाईल देण्याचा. दवाखान्यात इंजेक्शनच्या वेळी एखाद्या दिवशी दिला तर काही बिघडत नाही. पण प्रत्येक रडण्याला तेच उत्तर मिळालं, तर राग आला, कंटाळा आला, वाईट वाटलं की आपलं आपण कसं शांत व्हायचं याचा सराव होत नाही. चिडखोर स्वभावाच्या मुलांच्या बाबतीत हा मोह जास्त, आणि नुकसानही त्यांचंच जास्त.

शाळकरी वयात अभ्यासाची स्क्रीन आणि करमणुकीची स्क्रीन वेगळी धरा. अभ्यासाचं काम टेबलावर, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या खोलीत, नोटिफिकेशन बंद करून. काम झालं की उपकरण बंद. त्याच बैठकीत गेम सुरू झाला की दोन्हींचा हिशेब बिघडतो.

तेरा वर्षांपुढे फर्मान काढून भागत नाही. बहुतेक सोशल मीडियाच्या स्वतःच्याच नियमात किमान वय १३ आहे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना प्रमुख सोशल मीडियावर खातं ठेवायला कायद्याने बंदी आली. तुमच्या घरात काय असावं हे मुलाशी बोलूनच ठरेल. नियमाचा पहिला मसुदा त्यालाच लिहू द्या. अनेकदा मुलं स्वतःसाठी आपल्यापेक्षा कडक नियम लिहितात. मग खोडाखोड करायची असते ती आपल्याला. एक गोष्ट मात्र शब्द देऊन सांगा: कोणी धमकावलं, फोटो मागितला, चुकून नको ते बघितलं गेलं, तर सांगितल्यावर मोबाईल काढून घेणार नाही. मोबाईल जाईल या भीतीनेच मुलं गप्प बसतात.

मोठ्यांचे मोबाईल

यावर फार लिहायला नको, सगळ्यांना माहीत आहे. एकच सवय लावून घ्या: मुलांसमोर मोबाईल हातात घेताना काय करताय ते मोठ्याने बोला. 'बिल भरतोय.' 'मावशीला उत्तर देतेय.' मुलाच्या दृष्टीने आईबाबा बँकेचं काम करत असोत की रील्स बघत असोत, चेहरा तोच. आणि बोलायची सवय लागली की 'उगाच बघतोय' हे म्हणायची आपल्यालाच लाज वाटून मोबाईल खाली ठेवला जातो.

आजी-आजोबांशी मुलांसमोर वाद नको. त्यांना पाच नियम सांगू नका, एकच मागा: जेवताना नाही, किंवा झोपताना नाही. बाकी त्यांच्या घरी त्यांचं चालू द्या.

रिकामा झालेला वेळ आणि डोळे

'मला कंटाळा आलाय' हे ऐकलं की लगेच काहीतरी पुरवायला धावू नका. कंटाळ्याची पहिली वीस मिनिटं वाईट असतात, मग मूल उशांचा किल्ला बांधायला लागतं. तुमच्याकडून फक्त सामान हाताशी हवं: कागद, कात्री, रंग, जुनी खोकी, चेंडू.

आणि रोज बाहेर, उजेडात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी (लांबचं अस्पष्ट दिसणं) आलेल्या मुलांचं प्रमाण त्या गटात ३०.४ टक्के होतं, एरवीच्या शाळांत ३९.५ टक्के. चष्म्याची चिंता करणाऱ्या पालकांनी निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर खर्च करण्यापेक्षा मुलाला दिवसा बाहेर पिटाळावं. बसून बघणं चालू असेल तेव्हा दर २० मिनिटांनी २० सेकंद, सुमारे २० फूट लांब बघायला लावा.

मदत केव्हा घ्यावी

भरपूर गेम खेळणं हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, पण तिची अट कडक आहे: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच महत्त्वाचा होणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, शाळा-घर-मैत्री यांवर ठळक परिणाम, आणि हे साधारण वर्षभर. वर्षभर थांबून बघा असा याचा अर्थ नाही. मूल शाळेत जायला नकार देत असेल, रात्री जागत असेल, जुने मित्र सोडत असेल, मोबाईल घेतल्यावर स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे लगेच जा. मोबाईल कधीकधी कारण नसतोच. शाळेत छळ होतोय किंवा उदास वाटतंय म्हणून मूल त्यात लपतं, आणि अशा वेळी नुसता मोबाईल काढून घेतला तर लपायची जागाही जाते.

सुट्टी, आजारपण, प्रवास

नियम इथे सैल होणारच. होऊ द्या, पण सैल करताना तारीख सांगा: 'शाळा सुरू व्हायच्या सोमवारपासून पुन्हा जुनं वेळापत्रक.' ताप असेपर्यंत कितीही कार्टून, ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं. लांबच्या प्रवासात व्हिडिओ आधीच डाउनलोड करून न्या. संख्या ठरते, नेट लागत नाही, आणि शेवटचा संपला की खरंच संपतं.